वरून आलेला नकार

— तिथं नको आपा, तिथं नका बसू, तो जुना कापूस आहे, काळ्या कपड्याला चिकटला की घरी जाऊन वेचत बसाल. इकडे या, या नव्या गादीवर टेका — गिऱ्हाइकाची आहे खरी, पण गिऱ्हाईक काय चोरून बघायला येतंय? आणि माणूस बसल्यानं गादी बिघडत नाही, जरा दबते, बरी होते. आणा ती उशी. हं. आता खरं सांगू का, हिला काही झालेलं नाही. नुसती उन्हात टाकली असती तरी फुगली असती. पण मोकळ्या हातानं कसं यायचं, म्हणून उशी घेऊन आलात — कळतं हो मला. मागच्या आठवड्यातही रजईचं कापड विचारत विचारत भावावर आलात. तुमच्या भावावर, त्याच्या स्थळावर; माझा भाऊ कुठं, मी एकटीच अब्बांना. असू दे. आणलीच आहे तर उसवते, पिंजून देते, हाताला काम नसलं की मला बोलता येत नाही. यंत्र लावलं तर चालेल ना? आवाज होतो थोडा. तुम्ही मोठ्यानं बोला म्हणजे झालं. तशी मीच बोलणार आहे, तुम्ही कुठं बोलताय.

हा? — अहो रुमाल नका लावू नाकाला, लागणीचा नाही हा खोकला. कापसाचा आहे. अब्बांना होता, मला आहे, या धंद्यात ज्यानं श्वास घेतला त्याला तो असतोच. डॉक्टरांनी छातीचा फोटोसुद्धा काढला, काही निघालं नाही त्यात. आणि सकाळी जो येतो ना, तो तर खोकलाच नाही. शटर ओढल्यापासून दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत माझ्या तोंडातून शब्द म्हणून निघत नाही — कुणाशी बोलणार, सुईशी? — मग घसा गंजतो. पहिलं गिऱ्हाईक आलं की आधी तो खरवडून काढावा लागतो. लोक म्हणतात, बाईंना खोकला आहे. मीही म्हणते, हो, आहे. आता त्यांना काय सांगत बसू, की तुम्ही आजचं पहिलं माणूस आहात म्हणून?

तर, इस्तिखारा. तुम्ही म्हणालात, "आमच्याकडून झालाय, फार चांगला आलाय, आता तू तुझा करून घे आणि सांग." झालाय म्हणालात, जसं दळण दळून झालंय. तेव्हा हसले नाही मी, तुम्ही गेल्यावर हसले. शेवटी इस्तिखारा म्हणजे काय हो? माणूस दोन वाटांवर अडतो, आपलं डोकं चालेनासं होतं, मग दोन रकात नमाज पढायची आणि जो सगळं जाणतो त्यालाच म्हणायचं — हे काम माझ्या भल्याचं असेल तर माझ्यासाठी सोपं कर, आणि नसेल तर त्याला माझ्यापासून वळव, मला त्याच्यापासून वळव. एवढंच. मदरशातल्या बाईंनी पाठ करून घेतली होती ती दुआ, वेताची छडी घेऊन, अजून पाठ आहे. तिच्यात स्वप्नाचं नावसुद्धा नाही. पण आपल्या लोकांना स्वप्न लागतं! पांढरं दिसलं, हिरवं दिसलं की हो. काळं दिसलं, लाल दिसलं की नाही. तुम्हाला काय दिसलं म्हणालात? उजेड. भावाच्या घरात लख्ख उजेड, आणि उजेडात हिरव्या ओढणीतली एक बाई. तोंड नाही दिसलं, पण मीच होते. छान. आपा, माझ्याकडे हिरवी ओढणी नाही.

हसा, हसा. मीही हसतेच. लोकांच्या स्वप्नांत मी जितकी फिरले ना, तितकी जागेपणी कुठं गेले नाही. एका घरच्या दादींना मी उंटावर दिसले, त्यांच्याकडे पाठ करून बसलेली. त्या बाईनं जन्मात उंट पाहिला नव्हता! एकांना चहाचा ट्रे घेऊन गढूळ पाण्यात उतरताना दिसले — कपबश्यांसकट. आणि ते घड्याळवाले होते, ते तर दुपारचं जेवून, हात पुसून आमच्याकडून निघाले आणि दिवेलागणीला निरोप आला, "इस्तिखारा नीट आला नाही." अब्बांना म्हटलं, अहो, हे मधे झोपले कधी? अब्बा म्हणाले, बसमध्ये डोळा लागला असेल. खूप हसलो आम्ही दोघं. अब्बा होते तेव्हा हसण्यावारी नेता यायचं. एकट्या माणसाला हसून दाखवायला पण कुणीतरी लागतं.

आणि सोय बघा किती चांगली! हुंडा कमी पडला म्हणाले असते, तर अब्बा म्हणाले असते, बघू, जमवू. रंग सावळा म्हणाले असते, तर अब्बा भांडले असते, चांगले भांडले असते, गप्प बसणाऱ्यातले नव्हते ते. पण इस्तिखारा नीट आला नाही म्हटल्यावर? अल्लाहशी कोण भांडणार? बोलणाऱ्याचं तोंड गोड राहतं, ऐकणाऱ्याचं तोंड बंद होतं. कुणी वाईट नाही, कुणी खोटं नाही. वरूनच नाही आलं, आम्ही काय करणार, आम्हाला तर मुलगी फार आवडली होती!

पहिलं तुमचंच घर हो आपा. तुम्ही विसरलात? न विसरायला काय झालं, तुमचं नवीन नवीन लग्न झालेलं, बांगड्या सारख्या वाजत होत्या. तुमच्या अम्मी त्या तिथं, ते यंत्र आहे ना, तिथं तेव्हा पलंग होता, त्यावर बसल्या होत्या. मी शिवलेली रजई उलटीसुलटी करून पाहिली, टाके पाहिले, म्हणाल्या हात चांगला आहे पोरीचा. डोक्यावरून हात फिरवला माझ्या. आणि तो दाराशी. मान खाली घालून. मी त्याचे नुसते बूटच बघितले, पॉलिश केलेले, एका बुटाची नाडी तुटून गाठ मारलेली. मग मला खोकला आला. नको तेव्हाच येतो मेला. थांबेचना. सगळे बघत राहिले आणि तो उठला, स्वतःचा पाण्याचा ग्लास होता, तो माझ्यापुढे सरकवला आणि जाऊन पुन्हा बसला. बस्स. एवढंच झालं. एवढ्याला काही म्हणतात का? काही नाही म्हणत. अशी गोष्ट कुणाला सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही निघत नाही तिच्यात.

आणि चौथ्या की पाचव्या दिवशी निरोप. अब्बांनी ऐकून घेतलं, म्हणाले, त्याची मर्जी, त्यात काही भलंच असेल. आणि पिंजलेलाच कापूस पुन्हा पिंजत बसले. मी म्हटलं, अब्बा, हा झालाय. म्हणाले, होऊ दे. — आणि मग ते पसरलं. तुम्ही पसरवलं म्हणत नाही मी, बायका बोलतात, लग्नात भेटतात, मयतीला भेटतात. गादीवाल्याच्या मुलीचं कळलं का, तिचा इस्तिखाराच नीट येत नाही. एखाद्या विहिरीचं पाणी खारं म्हणून नाव पडतं ना, मग तिथं कुणी पोहरा टाकूनही बघत नाही. तसं. त्यानंतर जे आले ते आधीच नाही घेऊन आले. चहा पिऊन गेले.

मी? मी काय करणार. मी मानलं. इतरांचं थट्टेवारी नेलं, पण तुमच्या घरचं — ते मी खरंच मानलं. म्हटलं, यांना मी आवडले होते, हात फिरवला होता डोक्यावरून, मग यांना खोटं बोलायचं कारण काय? म्हणजे खरंच वरून आलं असणार. आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नव्हते. नमाज मी सोडली नाही कधी. दुआही मागते. अब्बांच्या दम्यासाठी मागितली, शेजारणीच्या बाळंतपणासाठी मागितली, गिऱ्हाइकांच्या मुलींसाठीसुद्धा मागते — रुखवताच्या गाद्या भरताना मनात म्हणते, हिला यावर सुखाची झोप लागू दे. सगळ्यांची झाली की माझी पाळी येते. आणि माझी पाळी आली की हात तोंडावरून फिरवते आणि उठते. इतकी वर्षं. ज्यानं एकदा नाही म्हटलं त्याच्या दारात पुन्हा उभं कसं राहायचं? तुम्ही म्हणाल घमेंड आहे. घमेंड नाही हो. लाज वाटते. एकदा तोंडावर दार लागलं की दुसऱ्यांदा वाजवताना हात अडतोच, मग ते दार कुणाचंही असो.

म्हणून आता तुम्ही विचाराल, केलास का इस्तिखारा, तर — नाही केला. या आठवड्यात रोज जानमाज अंथरली. रोज बसले. ती दुआ सुरू करायची, "या अल्लाह, मी तुझ्याकडे" — एवढं म्हणायचं आणि पुढं जीभच उचलत नाही. गुंडाळून ठेवायची. मग आडवी व्हायची. दोन उशा घेते मी, एक डोक्याखाली, एक भिंतीला लावून. भिंत गार लागते म्हणून. — भिंत गार लागते म्हणून, दुसरं काही नाही.

थांबा. — काही नाही. बस गेली. शाळेची. नाही, यंत्राच्या आवाजातही कळते मला, तिचा मागचा पत्रा वाजतो, कधीचा सांगतेय मनात की ठोकून घे बाबा. — आता तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. रस्त्यावरचं दुकान आहे, रस्ता दिसणारच! रस्त्यावरून बस जाणार, बसमध्ये ड्रायव्हर असणार, मी काय डोळे मिटून टाके घालू? दिसतं ते दिसतं. तुमची भावजय गेली तेव्हा महिनाभर दुसराच कुणी चालवायचा, तो वळणावर ब्रेक मारायचा जोरात, पोरं आदळायची. तुमचा भाऊ नाही मारत. परत आला तेव्हा दाढी वाढलेली. आता कापतो, पण डाव्या कानाखाली राहते थोडी. शर्टाच्या बाहीला बटण नाही, थंडीपासून नाही, सेफ्टी पिन लावतो. सुई-दोऱ्याचं दुकान समोर असून माणूस पिन लावतो, याला काय म्हणावं? — हे त्याला सांगू नका हं. आपा, शपथ आहे. बसचं तर अजिबात सांगू नका.

हे सगळं बाजूला ठेवा. मला एक विचारायचंय तुम्हाला, आठवडाभर तेच डोक्यात आहे. माणसांची मतं बदलतात, ठीक आहे. त्या वेळी मी नको होते, आता त्याची मुलगी सासरी गेली, घरात जेवायला हाक मारायला कुणी नाही, आता मी हवी आहे — हे मला समजतं, यात मला राग नाही. पण इस्तिखारा? त्या वेळी नाही आलं आणि आता हो आलं? तोच भाऊ, तीच मी, खोकलासुद्धा तोच. मग अल्लाहचं मत बदललं का? असं होतं का कधी? मौलवींना विचारणार होते, पण त्यांना कसं विचारायचं, सगळं सांगावं लागेल. म्हणून तुम्हालाच विचारते. त्या वेळी कुणी केला होता? अम्मींनीच ना? काय दिसलं होतं त्यांना? काळं दिसलं? लाल? पाणीबिणी? सांगा हो, अम्मी तर आता राहिल्या नाहीत, मी काही भांडायला जाणार नाही कबरीवर. मला फक्त कळू दे, त्या स्वप्नात मी कशी दिसत होते.

काय? — मोठ्यानं बोला. — नाही, नाही ऐकू आलं. थांबा, यंत्र बंद करते. — हं. बोला आता.

कुणीच नाही?

म्हणजे — कुणीच नाही केला? दोन रकात पण नाही? अम्मींना खोकल्याची भीती वाटली. बरं. छातीचं दुखणं असेल, पुढं मुलांना होईल. बरं. मग तसं सांगायचं ना! अब्बांनी छातीचा फोटो काढून हातात दिला असता त्यांच्या. — काय? वाईट वाटू नये म्हणून. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आणि हे सुचलं कुणाला? अम्मींना? आपा, वर बघा. — तुम्हाला. तुम्ही म्हणालात की असं सांगू, म्हणजे कुणी काही विचारणार नाही. — नाही नाही, रडू नका. विशी-बाविशीच्या होतात तुम्ही, सासरी कुणीतरी असं सांगताना ऐकलं असेल, वाटलं असेल किती छान युक्ती आहे. छानच आहे. मी सांगितलं ना, कुणी वाईट नाही, कुणी खोटं नाही. — रडू नका म्हटलं ना आपा! मी रडत नाही तर तुम्ही का रडताय?

आणि तो? त्याला काय सांगितलं होतं? — त्यालाही तेच. म्हणजे त्यालाही वाटत आलं की — थांबा. तो हो म्हणाला होता? घरी गेल्यावर? स्वतः म्हणाला होता? आणि तुम्ही त्याला सांगितलं की वरून नाही आलं. आणि त्यानं मान खाली घातली असेल, तशीच, दाराशी घातली होती तशी. आणि नंतर तुम्ही दाखवली तिच्याशी लग्न केलं. चांगली होती ती, मी कधी वाईट चिंतलं नाही तिचं, तिच्या मुलीच्या लग्नाच्या गाद्या मीच भरल्या. — पण मग आता? त्याला अजून माहीत नाही ना? तो अजून हेच समजतो ना, की माझ्याबद्दल एकदा नाही आलेलं आहे? तरी त्यानं तुम्हाला पाठवलं?

स्वतः पढला? यावेळी त्यानं स्वतः — किती दिवस? रोज. नोकरीवर जायच्या आधी. आणि त्याला तो उजेड — नाही? काहीच दिसलं नाही? म्हणजे तो उजेड आणि ती हिरवी ओढणी — आपा! ते तुम्ही पदरचं घातलंत? शाबास तुमची. जित्याची खोड म्हणतात ते काही खोटं नाही. रडता रडता हसवलंत मला. मग तो म्हणाला तरी काय? — नीट सांगा, त्याच्याच शब्दांत सांगा, तुमचा एक शब्द नको त्यात. — "काही दिसलं नाही, पण भीती गेली." असं म्हणाला. भीती गेली.

मला पाणी — नको, मी घेते. बसा.

तुम्हाला कळतंय का आपा, काय झालंय? मी त्याच्यावर रुसून बसले. तुमच्या भावावर नाही हो, जो वर आहे त्याच्यावर. उगाच. त्यानं काही केलंच नव्हतं! त्याला कुणी विचारलंच नव्हतं, माझा विषयच त्याच्यापर्यंत गेला नव्हता, आणि मी आपली समजून चाललेय की त्यानं माझं नाव ऐकून मान हलवली. रोज पाच वेळा त्याच्यापुढे उभी राहत होते, आणि मनात म्हणत होते, तू मला नको म्हणालास. बिचारा — तोबा, बिचारा काय म्हणतेय मी त्याला. पण तुम्ही सांगा, एवढं मोठं नाव, आणि ते कशासाठी वापरलंत? एका पोरीच्या खोकल्यासाठी?

नाही, माफ करते, ते झालंच. लगेच नाही होणार, पण होईल. तुम्ही आता उठा. उशी राहू दे, अर्धीच झालीय. घरी जा आणि हे सगळं आधी त्याला सांगा. मी नाही सांगणार, ते तुमचं काम आहे. आज सांगा, तो बस लावून घरी येईल तेव्हा. रागावेल. रागावू दे. मग विचारा त्याला, अजून पाठवतोस का मला तिकडे? आणि पाठवणार असला तर तुम्हाला नको पाठवू म्हणावं, स्वतः ये. जे बोलायचं ते आपल्या तोंडानं बोल, हो असलं तर हो, नाही असलं तर नाही, मी ऐकून घेईन. मला खोकल्यासाठी नको म्हटलेलं चालेल. माणसानं नको म्हटलेलं चालतं हो, माणूस कितीही मोठा झाला तरी त्याच्याशी भांडता येतं.

माझं? माझं काय ते तुम्ही ऐकलंतच, पाहिजे त्यापेक्षा जास्त ऐकलंत. मला हो म्हणायचंय. यात आता लपवण्यासारखं काय राहिलं? पण मी आत्ता नाही म्हणणार. तुमच्या घरानं एकदा अल्लाहला न विचारता त्याच्या नावानं उत्तर दिलं, आता मीही न विचारता दिलं तर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय? — आणि खरं सांगू, आता मला भीती वाटतेय. आत्ता, या घटकेला. तो जुना नकार खोटा होता, पण सवयीचा झाला होता, त्याच्याबरोबर राहता येत होतं. आता मी विचारीन आणि खरंच नाही आलं तर? ते कुठं ठेवू मी? — पण विचारणार. ही बघा, अजानही झाली. वुजू करते, हात-तोंड धुऊन घेते. जा तुम्ही आपा. — नको, थांबू नका. पायरीवरही नको बसायला, घरी जा. पहिल्यांदाच विचारतेय, किती वेळ लागेल मला सांगता येत नाही.